पुस्तकनानांच्या पिशवीतली पार्सलं

पुस्तकनाना किंमत कधी आधी सांगत नसत. मुरबाडच्या एसटी स्टँडबाहेर मेणकापड अंथरून ते बसत, आणि कुणी पुस्तक उलटून पाठीमागची किंमत बघायला लागलं की म्हणत, "आदी दोन पानं वाच गो. नाय पटलं तं ठेव तिथंच. मी काय रागावनार नाय." कॉलेजात असताना आमच्या गावची, धसईची बस येईपर्यंत मी कितीतरी पुस्तकं तिथे उभ्याउभ्या वाचली. विकत घेतली त्यातली चार-पाच.

नानांची उमेदीची वर्षं कल्याणच्या छापखान्यात गेली. तो बंद पडला तेव्हा भावाने त्यांना शेतावर बोलावलं, तर म्हणाले, "अक्षराबिगर माजा दिस जात नाय रे." आणि दुसऱ्याच आठवड्यात मेणकापड पसरलं.

माणूस बघून पुस्तक द्यायची त्यांची हातोटी होती. नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरींना ते सांगत, "गाइड घे, पन संगती एक गोष्टीचं बी घे. नापास झालीस तं तेच कामाला येल." मी नापास झाले, आणि खरंच तेच कामाला आलं.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. नानांना विचारायचं, त्यांनी सुचवलेल्या पुस्तकाचा फोटो काढायचा आणि बसमध्ये बसल्याबसल्या तेच स्वस्तात मागवायचं. सगळेच करत होते, मीही केलं. खोटं कशाला बोलू, सोयीचं होतं. नाना बघत असत, आणि फोटो काढून झालेलं पुस्तक परत जागेवर ठेवत.

अडचण एकच होती. पार्सलवाले धसईपर्यंत येत नसत. "मुरबाडला येऊन घेऊन जा," असं फोनवर सांगून मोकळे होत. तेव्हा कुणाला तरी सुचलं, नानाही धसईचेच, रोज संध्याकाळच्या बसने घरी येतातच की! झालं. चपला, मिक्सरची भांडी, साड्या, आणि हो, पुस्तकंसुद्धा नाना वाहून आणू लागले. फोनवर सांगितलेला ओटीपी ते तळहातावर पेनाने लिहून घेत. पार्सलांना जागा हवी म्हणून पिशवीतली विकायची पुस्तकं कमी होत गेली. एकदा मी चिडून म्हटलं, "नाना, नाही म्हणा ना लोकांना!"

"मंग मला कोन बोलवल गो?" ते म्हणाले. "पार्सलासाटी तरी दारात वाट बघतात."

त्यांना दम लागायचा. त्यांची बायको, आमची नानी, ओझ्यावरून रोज ओरडायची. मागच्या उन्हाळ्यात बसमधून उतरताना ते कोसळले ते उठलेच नाहीत. दोन्ही खांद्यांना पिशव्या होत्या. एकीतही विकायचं पुस्तक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. नानीने ओटीवर पार्सलं ओळीने मांडून ठेवली होती. माणसं येत, तिच्यासमोर मान खाली घालून बसत आणि जाताना आपलं नाव शोधून पार्सल उचलत. मला त्यांची किळस आली. माझी नजरही त्याच ओळीवरून फिरत होती.

माझं पाकीट नानीनेच उचलून दिलं. देताना चाचपलं.

"यात काय हाय गो?"

"पुस्तक."

"मंग त्यांनाच का नाय सांगितलंस?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. ते पुस्तक घे म्हणून नानांनीच मला सांगितलं होतं, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही.