काकींची कुजबुज

काकींना कुजबुजता येत नसे. पाम गावाहून मोगऱ्याच्या कळ्या घेऊन त्या बोईसरच्या बाजारात बसत. कुणाचं गुपित सांगायचं तर पदर तोंडाशी धरून सुरुवात हळूच होई, पण दुसऱ्याच वाक्याला पलीकडचा केळीवाला हुंकार भरायला लागे. आम्ही गिऱ्हाइकं त्यांना खूप चिडवायचो. "देवानं घशात भोंगाच बसवलाय, मी काय करू?" असं म्हणून त्या चार कळ्या जास्त घालत.

मी मनोरकडच्या आदिवासी पाड्यावरची. कारखान्यात पॅकिंगला लागले आणि सरावलीच्या एका चाळीत खोली घेतली. तिथल्या सामाईक नळाला मी हंडा लावला, म्हणून एका सकाळी शेजारच्या दोघा भावांनी मला ढकलून पाडलं. मनगट मोडलं. पाडताना त्यांनी आमच्या जमातीवरून एक शब्द वापरला. बायका आपापले हंडे धरून उभ्या होत्या. कुणीही बोललं नाही.

गळ्यात बांधलेला हात पाहून काकींनी बाजारात अडवलं, काय घडलं ते सगळं माझ्याकडून काढून घेतलं आणि टोपली शेजारणीकडे सोपवून मला पोलीस ठाण्यात नेलं. साहेब म्हणाले, "पाण्यावरून भांडणं होतातच. समजुतीनं मिटवा." मी मुकाट्यानं मान हलवली.

"भांडण नाय ते," काकी म्हणाल्या. अख्खं ठाणं वळून बघायला लागलं. "पोरी, मारलं ते सांगितलंस. मारताना काय बोलले ते सांग."

माझी जीभ उचलेना. "तुमीच सांगा ना काकी."

"माज्या तोंडातनं निघला तर परत शिवीच व्हईल. तुज्या तोंडातनं निघला की तक्रार हाय."

मी बोलले. साहेबांनी मान वर करून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग गुन्हा अ‍ॅट्रॉसिटीच्या कलमाखाली दाखल झाला.

पुढे तारीख पडली की काकी बाजार बुडवून माझ्याबरोबर पालघरला येत. त्यांच्याशिवाय मी टिकले नसते. एकदा त्यांना सांगितलं, की पाठीमागे कुणी नुसता हंडा आपटला तरी मला तो शब्द ऐकू येतो. त्यावर त्या गप्पच झाल्या. काकी गप्प झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

गेल्या वर्षी घशाच्या दुखण्यात त्यांचा आवाज गेला. भेटायला पामला गेले तेव्हा त्यांनी मला जवळ ओढलं, अगदी कानाशी.

"अजून येतो तो शब्द?"

"येतो, काकी."

"मला पन. सासऱ्याच्या आवाजात. वाडीत राबनाऱ्या तुमच्या मानसांना तो त्याच शब्दानं हाका मारायचा. मी तितंच उभी असायची. गप."

एवढंच त्या कुजबुजल्या आणि माझा मोडून सांधलेला हात धरून बसून राहिल्या. महिन्याभरात काकी गेल्या.

खटला अजून चालू आहे. परवाच्या तारखेला वकिलांनी तो शब्द पुन्हा विचारला. शेजारची जागा रिकामी होती. मी तो सांगितला, अख्खं कोर्ट वळून बघेल एवढ्या आवाजात.