दादाच्या दारातला ब्रेकर

पन्नाशीला आलेली माणसं देवदर्शनाला लागतात, मी जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची. बायको म्हणाली, आता केसही रंगवून घ्या. पण गाडी वळणावर फार झुलायची. वज्रेश्वरीच्या रस्त्याला वळण आलं की बायको दाराची मूठ धरून मला शिव्या घालायची. शेवटी कामतघरच्या एका गॅरेजात नवे शॉकअब्सॉर्बर आणि आखूड, कडक स्प्रिंग बसवून घेतले. गाडी चांगली चार बोटं खाली आली. आणि काय चालायला लागली म्हणता! वळणात घातली तरी रस्ता सोडेना.

घराजवळ आलो आणि पंचाईत झाली. आमच्या गल्लीत दादाच्या दारासमोर ब्रेकर आहे, त्यानेच घातलेला. गावाभोवती गोदामं झाली, ट्रक गल्लीत घुसायला लागले, तेव्हा घर बांधून उरलेलं काँक्रीट त्याने रस्त्यावर ओतलं. आमच्याकडे ज्याच्या दारात पोरं खेळतात तो आपल्या मनाने ब्रेकर घालतो, विचारायचं कोणाला? दादाचा तर म्हैस आडवी झोपल्यासारखा. माझी पुढची चाकं पार झाली आणि गाडीचं पोट टेकलं. पुढे जाईना, मागे येईना.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. जमिनीला भाव आला, वाटणी झाली, बांधावरून वाजलं आणि बोलणंच बंद झालं. आई त्याच्याकडे राहते. मी भेटायला गेलो की तो उठून मागच्या दाराने बाहेर. डोळे मिटायच्या आत दोघांना शेजारी शेजारी बसवून वाढायचं, एवढंच तिचं मागणं होतं. पण आधी बोलणार कोण? हट्टाला दोघेही सारखेच.

तर मी त्याच्याच दारात अडकलेलो, घामाघूम. तेवढ्यात तो दोन फळ्या घेऊन आला. माझ्याकडे न बघता चाकांखाली सरकवल्या, हाताने ये म्हणून खूण केली. गाडी निघाली आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी फळ्या भिंतीला टेकवून तयार. मग रोज तेच. माझ्या गाडीचा आवाज आला की तो बाहेर येणार, फळ्या लावणार, गाडी जाईपर्यंत उभा राहणार. एक शब्द नाही. तरी मला दिवसभर त्याच वेळेची ओढ असायची. गॅरेजवाला म्हणाला, थोडी उचलून देतो, घासणार नाही. मी म्हटलं, हात लावू नकोस. त्या कडक स्प्रिंगांचे माझ्यावर केवढे उपकार होते, त्याला काय सांगू?

एका रविवारी दुपारी बघतो तर दादा घण घेऊन ब्रेकरवर. कडेचे टवके उडालेले. कसला मान न कसलं काय, धावत गेलो.

"दादा, तोडू नको."

"का? तुझी गाडी घासते ना?"

"घासू दे. हा गेला तर तू बाहेर कशाला येशील?"

त्याने घण खाली ठेवला. मग म्हणाला, "आत चल. मी पन जेवलो न्हाय अजून."

दोन ताटं मांडलेली होती, आईने तिसरं घेतलं आणि दादाच्या ताटाला लागून मांडलं.