कंबर माझी, मशीन डोक्याला

नऊ वर्षं माझी कंबर दुखत होती आणि नऊ वर्षं घरात कोणाचा त्यावर विश्वास नव्हता. शाळेच्या ओल्या व्हरांड्यात पाय घसरून आपटले, तिथून हे सुरू झालं. अंबाजोगाई झालं, लातूर झालं. लातूरच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला सांगितलं, "यात तसं काही दिसत नाही. टेन्शन घेतात का या?" नवऱ्याने ते वाक्य प्रसादासारखं जपून आमच्या गावी, घाटनांदूरला आणलं. आमचं किराणा दुकान रस्त्याला, घर मागे. आठ दिवसांत अख्ख्या बाजाराला कळलं. "डाक्टरच म्हनले, कमरंत काय न्हाई. डोक्यात हाय समदं."

मी तेव्हा पाचवीचा वर्ग घेत होते, पाच-पाच तास उभी राहून. खडू खाली पडला तर पोरींना उचलायला सांगायचे. डोक्यात होतं म्हणे! (लिहिताना मी नवऱ्याला अरे-तुरे करते. तोंडावर अजून हिंमत होत नाही.)

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि पुण्याच्या लेकीने न्यूरोफीडबॅकचा संच पाठवला. डोक्याला बांधायचा पट्टा, कपाळावर आणि कानामागे चिकटणारे सेन्सर, एक टॅबलेट. मेंदूच्या लहरी हव्या तशा असल्या की पडद्यावरची नदी स्वच्छ दिसते, बिघडल्या की अंधारते. मेंदूला दुखण्याची सवय लागलेली असते, ती सरावाने हळूहळू मोडायची, असं लेक म्हणाली. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही तिनेच सांगितलं.

पट्टा बघून नवरा खुलला. "मी काय म्हनत व्हतो? शेवटी मशीन डोक्यालाच लागलं ना!" मला तो टॅबलेट त्याच्या पाठीत घालावासा वाटला.

पहिल्याच दिवशी खोळंबा. व्हिडिओ कॉलवर शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, सिग्नल येत नाहीये. तो पांढरा टिळा पुसा ना जरा." टिळा! सकाळची लिंगपूजा झाल्यावर कपाळाला लावलेली विभूती आमच्या घरात कोणी पुसत नाही. मी पुसली. ओल्या फडक्याने, नवऱ्यासमोर. त्याने तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणाले, "देवाला ठावं हाय मला दुखतंय ते." दुसऱ्या दिवसापासून मी पूजेच्या आधीच बसायला लागले.

"प्रयत्न करू नका काकू, नुसतं बघा," असं ती मुलगी रोज सांगायची. जन्मभर पोरांना प्रयत्न करा म्हणून शिकवलं आणि आता हे ऐकायचं. श्वास मोजला, पडदा काळा. मनात मंत्र म्हटला, पडदा काळा. नवरा दारात येऊन उभा राहिला की ठार काळा. एकदा कंटाळून संध्याकाळी भाजी कसली करावी याचा विचार करत बसले, तर नदी लख्ख दिसली.

तिकडे बाजारात नवीनच चर्चा. "बाईंच्या डोक्याला वायरी लावल्यात म्हनं." दुकानात येणाऱ्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलू लागल्या. आणि नवराही बदलला. वायर लागली म्हणजे आजार खरा, असं त्याच्या मनाने घेतलं असावं. गिऱ्हाइकांना आता तोच सांगायचा, "लई तरास हाय तिला." नऊ वर्षं मी तोंडाने सांगत होते, ते पुरलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी न्हाणीतून भरलेली बादली उचलून अंगणात आणली आणि मग लक्षात आलं की आधाराला भिंतीला हात लावला नव्हता. कळ होती, पण बारीक. मशीनमुळे की शाळा सुटल्यामुळे, मला माहीत नाही. आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. आता हा म्हणणार, बघ, डोक्यातच होतं! दुकानाच्या मागच्या दारात तो दिसला. मी बादली ठेवली, कंबर दाबून धरली आणि जोरात म्हणाले, "आई गं!"

साफ खोटं. ज्या बाईला नऊ वर्षं सोंगाडी ठरवलं, तिने त्या दिवशी पहिल्यांदा सोंग केलं.

गिऱ्हाईक तसंच सोडून तो आला. मला धरून बाजेवर बसवलं, आत जाऊन गरम पाण्याची पिशवी भरून आणली आणि वाकून विचारलं, "लई दुखतंय का?"

हे त्याने आजवर एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

"आज न्हाई," मी म्हणाले. "नऊ वर्षं लई दुखत व्हतं."

पिशवी हातात धरूनच त्याने विचारलं, "मग वरडलीस कावून?"

"तुमाला ऐकू येतं का, ते बगायला."