वन्संचा रुंद भांग

वन्सं प्रश्न विचारायच्या तेव्हा सुरुवात ठरलेली असायची. "नीता, मला एकच सांग." मग निदान सात गोष्टी विचारायच्या, आणि माझं उत्तर संपायच्या आत तेच सगळं समोरच्या खिडकीतल्या बाईला विचारायला वळायच्या. दहा जणांना विचारून त्यातलं सगळ्यांत चुकीचं उत्तर नेमकं निवडायची त्यांची हातोटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गोडदेवला आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. डोहाळजेवण असो की सोसायटीची पूजा, हिच्या तोंडी उखाणा दे, तिच्या ओटीतला नारळ सरळ कर, असं सगळं घर त्या एकट्या हलवायच्या. मागे भरगच्च अंबाडा, त्यावर नेहमी काहीतरी माळलेलं. अशा बाईने केस गेले म्हणून घराबाहेर पडणं सोडावं, याचा मला राग होता.

सुरुवात डेंग्यूने झाली. ताप उतरला, आणि दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने हातात यायला लागले. "टँकरचं पाणी," वन्संनी निदान केलं. आमच्याकडे कपडे पिवळे पडले, डाळ शिजली नाही, शेजारची सून रुसली, तरी दोष टँकरच्या पाण्याचा.

"वन्सं, मीही तेच पाणी वापरते."

"तुझे केस मुळातच कोडगे."

मग कांद्याचा रस झाला. आठवडाभर त्यांच्या घरात भेळेच्या गाडीसारखा वास येत होता. कुणी म्हणालं, अंडं लावा. कुणी म्हणालं, एकदा चकोट करून टाका, दाट येतात. देवाची कृपा, ते तेवढं त्यांनी ऐकलं नाही.

शेवटी मीच नया नगरमधल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. काय काय विचारायचं ते कागदावर मुद्देसूद लिहून वन्संच्या हातात दिलं. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, रक्त तपासायला लावलं. तापामुळे गळलेले केस आपोआप परत येतील, म्हणाल्या, पण भांग रुंद होतोय ते वेगळं, ते वयाचं आणि घराण्याचं. शिवाय अंगात लोह कमी. गोळ्या दिल्या, रोज डोक्याला लावायचं औषध दिलं, आणि बजावलं, "आंटी, पहले थोडे और गिरेंगे. डर के बंद मत करना. छे महिने तो देना ही पडेगा."

वन्संनी शहाण्यासारखी मान डोलावली. कागद पर्समधून काढलाच नाही. रिक्षात बसल्यावर मात्र सुरू. "नीता, मला एकच सांग. रोज केस धुतले की जास्त गळतात का? काळजीने केस जातात की केस जातात म्हणून काळजी लागते? औषध बंद केलं तर पुन्हा जाणार, मग लावायचंच कशाला? आणि ते ऑपरेशन करून पेरतात, ते भातासारखं उगवतं का?"

"हे आत का नाही विचारलंत?"

"बाहेर किती पेशंट ताटकळत होते, बघितलंस का? कुणाचा वेळ खायचा मला जमत नाही."

माझा चालायचा, त्याबद्दल काही नाही.

औषध सुरू झालं. मी रोज फोनवर आठवण करून द्यायची. तिसऱ्या आठवड्यात केस जास्त गळले, म्हणजे बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं, आणि वन्संनी औषध बंद केलं. मी भांडले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा केस गळले, पुन्हा बंद. "गळायचं औषध मी विकत का आणू?" हा त्यांचा सवाल. नांगरणी झाली की शेत सोडून पळायचं, आणि पीक नाही म्हणून रडायचं!

तेवढ्यात त्यांच्या मुलाचं, ओंकारचं लग्न ठरलं. तो म्हणाला, आई, पेरायचं ऑपरेशन करू या. डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं. मागचेही केस विरळ, मग घ्यायचे कुठून? मीरा रोडला एका दुकानात केसांचा टोप लावून पाहिला. आरशात बघून वन्संनी तो लगेच उतरवला. "यात मी ओंकारची धाकटी बहीण दिसते. उद्या सून मला ताई म्हणेल." आणि मग शांतपणे म्हणाल्या, "साखरपुड्याला मी मागच्या रांगेत बसेन. ओंकारजवळ तू उभी राहा."

"आई तुम्ही आहात."

"स्टेजवर वरून दिवे मारतात गं. सगळं दिसतं."

मी खूप बोलले. एकुलत्या एका मुलाच्या कार्यात आईने मागे बसायचं, कशासाठी? अखेर त्या स्टेजवर आल्या, पण डोक्यावरून पदर घेऊन. पिन बसायला केस नाहीत, त्यामुळे एक हात सतत पदरावर.

ओंकारची सासू अलिबागकडची, मोकळी बाई. ती भारावून म्हणाली, "तुमच्यात अजून पद्धत पाळतात, छान वाटलं." वन्सं नुसत्या हसल्या. मीही मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये शिरलो तर मुलीकडच्या सगळ्या बायका डोक्यावरून पदर घेऊन उभ्या. आई, मावश्या, आत्या. नवरी रुचाच्या डोक्यावर तर पदर चारी बाजूंनी पिनांनी ठोकलेला. घामाने तिचं कुंकू ओघळत होतं आणि मान वळवता येत नव्हती. तिची आई आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "एक विचारू? घरातही सारखा घ्यावा लागेल का हो? ऑफिसातून आल्यावर पण? तिला सवय नाही, पण शिकेल ती."

वन्संनी रुचाकडे पाहिलं. मग पदरावरचा हात सोडला.

"पद्धत-बिद्धत काही नाही हो," त्या म्हणाल्या. "माझे केस गेलेत. हे बघा."

पदर खांद्यावर आला. वरून दिव्यांचा झोत पडत होताच. दोन बोटं रुंद भांग, मागे सुपारीएवढी गाठ. मग रुचाची आई म्हणाली, "अगंबाई! म्हणजे आम्ही सकाळपासून उगाच उकडून घेतोय?" आणि हशा पिकला. पिना निघाल्या. फोटोग्राफर ओरडला, "आंटी, बीच में आओ." वन्सं मध्ये उभ्या राहिल्या.

घरी येताना मी म्हटलं, "हेच साखरपुड्याला केलं असतंत तर?"

"माझं मी झाकत होते," त्या म्हणाल्या. "ते त्या पोरीच्या डोक्यावर कशाला?"

पुढे ओंकारची बदली झाली आणि वन्संच्या यजमानांसकट सगळे पुण्याला गेले. वन्सं तिथे बिनधास्त हिंडतात, नव्या सोसायटीतल्या बायकांना कामाला लावतात. औषध मात्र पुन्हा लावलं नाही. नेटाने लावलं असतं तर आज बरेच केस वाचले असते, हे मी अजून म्हणते. मला त्याचा अजून राग येतो. राग आला की मी पुण्याला फोन लावते. बहुतेक रोजच लावते.