नातीच्या वजनातला कडता

माझ्या नातीचं नाक जरासं डावीकडे वाकलेलं आहे, आणि ते मी वाकवलेलं आहे.

हे एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. (मध्ये दोनदा लिहायला बसलो होतो. एकदा शाई संपली, एकदा धीर.) आमच्या घरात या नाकाचा सगळा दोष आजवर शेंगदाण्याच्या लाडवांवर ठेवला गेला आहे, आणि ते लाडू माझ्या बायकोने केले होते. लाडवांना बोलता येत नाही. मला येत होतं, आणि मी बोललो नाही. आता पंच्याहत्तरी उलटली. वर जाऊन सांगण्यापेक्षा इथेच सांगून टाकलेलं बरं.

मी लातूरच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं आडत दुकान चालवलं. तूर, हरभरा, सोयाबीन. आमच्या धंद्यात ‘कडता’ नावाची एक रीत होती. शेतकऱ्याचा माल पोत्यासकट काट्यावर चढतो. मग पोत्याचं वजन, मातीखड्याचं वजन, ओलाव्याचं वजन असं काहीबाही म्हणत आडत्या त्यातून किलोभर कमी धरतो. तो कडता. (आता तो बंद झाला आहे. निदान तशी पाटी लागलेली आहे!) काट्यावर साठ किलो तीनशे ग्रॅम दिसले की माझ्या तोंडातून ‘एकोणसाठ तीनशे!’ असा पुकारा व्हायचा. यात डोक्याचा काही संबंध नसे. आकडा डोळ्यांतून थेट जिभेवर यायचा, आणि वाटेत एक किलो गळून पडायचा.

माझी मुलगी नांदेडला दिलेली. तिची मुलगी गिरिजा. तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि नांदेडच्या तस्लीम मॅडमकडे किकबॉक्सिंग शिकत होती. हे काय असतं, असं मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं.

“आप्पा, ह्यात लई प्रकार असतेत,” ती म्हणाली. “उभे ऱ्हावा.” (आमच्यात आजोबांना आप्पा म्हणतात आणि आजीला अव्वा.)

मी उभा राहिलो.

“हे पॉइंट फायटिंग.” टप्प! माझ्या पोटाला तिचा पाय लागला आणि ती केव्हाच मागे सरकलेली! “लागलं की पंच थांबवतेत, गुण देतेत, पुन्हा सुरू. आन् हे लाइट काँटॅक्ट. ह्यात थांबत न्हाईत, पन जोरात मारायचं न्हाई. जोरात मारलं तर आपल्यालाच दंड.”

आणि तिचा पाय सर्रकन वर आला तो माझ्या कानापासून बोटभर अंतरावर थांबला. टोपी हलली. मी हललो नाही. (हलायला वेळच मिळाला नाही!)

“आन् बाकीचे?”

“बाकीचे रिंगमधी, दोरीच्या आत. फुल काँटॅक्टमधी कमरेच्या वर पुरा जोर लावून मारायचं. लो किकमधी मांडीवर बी लाथ चालते. के-वनमधी गुडघा बी. ते तुमच्यावर दाखवत न्हाई.”

“का गं?”

“अव्वा रागावंल.”

मला मात्र त्या लाइट काँटॅक्टने वेड लावलं. अंगात एवढी ताकद, समोर एवढं मोठं गिऱ्हाईक, आणि तरी पाय बोटभर अलीकडे थांबवायचा! हाती आलेला जोर असा आवरायला चाळीस वर्षांत काट्यापाशी मला एकदाही जमलं नव्हतं.

त्याच लाइट काँटॅक्टसाठी, पंचावन्न किलोंच्या आतल्या गटात, गिरिजाची निवड झाली. हैदराबादला आंतरराष्ट्रीय हौशी किकबॉक्सिंगची स्पर्धा होती. दोन वर्षं ती या एका गोष्टीसाठी पहाटे उठत होती. आणि नेमकी लग्नसराई आली. मॅडम ज्या मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर शिकवत, तिथे वऱ्हाडाच्या गाद्या पडल्या. म्हणून शेवटचे दहा दिवस गिरिजा आमच्याकडे लातूरला आली. सकाळी यार्डातल्या रिकाम्या शेडमध्ये ताडपत्री अंथरून सराव करायची. मॅडम फोनवर.

“आप्पाजी, बच्ची का वजन रोज देखना. पंचावन्नच्या वर एक ग्राम नको. अच्छा काटा हाय ना तुमच्याकडं?”

“मॅडम, लातूरच्या आडत्याला काटा हाय का म्हणून इचारायलाव?”

गिरिजाने सोबत एक छोटा, पाटासारखा वजनकाटा आणला होता. तो मी माळ्यावर टाकला. “खेळन्यावर मानसं मोजतेत का?” आणि रोज सकाळी तिला दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभी केली. त्याच्या आकड्यांची पेटी माझ्या बसायच्या गादीकडे तोंड करून असते, म्हणजे काट्यावरच्या मालाला स्वतःचं वजन दिसत नाही. मी चष्मा लावायचो आणि लिलावाच्या आवाजात पुकारायचो, “चौपन्न सहाशे! चारशे ग्रॅम जागा हाय!”

पोरगी खूश. मॅडम खूश. सगळ्यात खूश माझी बायको! मोड आलेल्या मटकीवर आणि काकडीवर जगणारी नात बघून तिचा जीव तुटत होता. “काय हाडं दिसून राहिलेत लेकराचे,” म्हणत तिने शेंगदाणे भाजले, गूळ घातला आणि डबाभर लाडू वळले.

“नको अव्वा, वजन वाढंल,” गिरिजा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आप्पा, खाऊ का?”

“खा की! जागा हाय!”

रोज एक लाडू. दुसऱ्या दिवशी मी पुकारायचो, “चौपन्न सातशे!” अजून जागा होतीच.

हैदराबादला मी आणि बायको दोघंही गेलो. बायको इरकलीत, मी धुवट टोपीत, आणि मध्ये लाडवांचा डबा. त्या हॉलमध्ये आठ-दहा देशांच्या मुली, कुणाचे केस सोनेरी, कुणाची उंची आमच्या दुकानाच्या शटरएवढी. वजन पडद्याआड होत होतं आणि आतल्या अधिकारी बाई आकडा मोठ्याने सांगत होत्या. गिरिजा आत गेली.

“पचपन किलो सातसौ!”

“खोटा हाय!” मी ओरडलो. “तुमचा काटा खोटा हाय! शिक्का दाखवा! वजनमापवाल्यांचा शिक्का कुठंय?”

त्या बाईंनी शांतपणे पडदा बाजूला केला आणि काटा माझ्याकडे वळवून शिक्का दाखवला. नवाकोरा, चकचकीत. मी तरीही नाक मुरडलं आणि “आमच्या लातुरात या म्हनावं!” असं काहीतरी बोललो. तेवढ्यात पुढची मुलगी काट्यावर चढली.

“बावन किलो चारसौ!”

आणि माझ्या तोंडून, अगदी हळू, आपोआप निघालं, “एक्कावन्न चारशे.”

दहा दिवस मी माझ्या नातीचा कडता कापत होतो! नात म्हणजे तुरीचं पोतं आणि मी आडत्या! शेजारी बायको खांद्याला खांदा लावून उभी होती. मी चोरून बघितलं. ती पदर सारखा करत होती. ऐकलं नसावं, असं मी स्वतःला सांगितलं.

तस्लीम मॅडम धावत आल्या. “क्या खिलाया बच्ची को? नांदेडहून पंचावन्न दोनशेची पाठवली होती मी!”

मी तोंड उघडणार, एवढ्यात बायकोने डबा पुढे केला. “लाडू. रोज एक. माझ्याच हातानं झालं, मॅडम.”

मी पंख्याकडे बघत राहिलो. पंखा चांगला होता.

वजन उतरवायला आणखी एक तास मिळाला. गिरिजाने दोन स्वेटर, आजीची शाल आणि माझी माकडटोपी घालून दोरीवरच्या उड्या मारल्या. घामाने फरशी ओली झाली. पुन्हा काटा. “पचपन तीनसौ.” गट गेला. दोन वर्षं गेली. तिने माकडटोपी काढली, घडी घालून माझ्या हातात दिली, आणि विचारलं,

“आप्पा, आपला काटा बरोबर व्हता ना?”

हाच तो क्षण. मी आयुष्यात खूप माल तोलला, पण एवढा जड प्रश्न कधी तोलला नव्हता.

“पक्का,” मी म्हणालो.

“मग लाडूच,” ती म्हणाली आणि रडतारडता हसली. “अव्वा, लई भारी व्हते पन!”

मॅडम अधिकाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन आल्या. आपल्या संघातली फुल काँटॅक्टची मुलगी तापाने पडली होती. तिचा गट छप्पन्न किलोंच्या आतला. रिंगच्या प्रकारांचे गट वेगळे असतात, हे मला तेव्हा कळलं. जोड्या अजून ठरल्या नव्हत्या, त्यामुळे नाव बदलता येत होतं.

“गिरिजा, रिंग में जाएगी? सरावात केलंय तू थोडं. नको असेल तर घर चल, शरम की बात नहीं.”

“जाते,” गिरिजा म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोरीच्या आत उतरली. समोर कझाकस्तानची मुलगी. म्हणायला गट एकच, पण तिच्याही वजनात कुणीतरी कडता धरला असावा असं दिसत होतं! पहिल्या फेरीत गिरिजाचे पाय सुरेख वर जात होते आणि त्या मुलीच्या कानापासून बोटभर अंतरावर थांबत होते. दोन वर्षांची सवय! त्या मुलीला अशी काही सवय नव्हती. तिचा ठोसा थेट नाकावर आला.

रक्त बघून बायकोने डबा छातीशी धरला. “माझ्या लाडवानं नाक फुटलं लेकराचं,” ती पुटपुटली. मी तिच्या हातावर हात ठेवला. (धीर द्यायला नव्हे. आधाराला.)

डॉक्टरांनी नाक तपासलं, रक्त थांबवलं आणि मान डोलावली. कोपऱ्यात मॅडम ओरडत होत्या, “रुक मत! पाँव रुक रहा तेरा! लगने दे!”

गिरिजाने एकदा मान हलवली. आणि दुसऱ्या फेरीत तिचा पाय थांबला नाही. धप्प! समोरची दोन पावलं मागे गेली. पुन्हा धप्प! जी सवय दोन वर्षं मुरवली होती, ती या पोरीने एका मिनिटाच्या विश्रांतीत मोडली! माझी चाळीस वर्षांची अजून शाबूत आहे. तिसऱ्या फेरीत तिची लाथ अशी बसली की ती मुलगी खाली बसली आणि पंच आकडे मोजू लागले. आठावर ती उठली. मी बाकावर उभा राहिलो होतो, टोपी कुठे उडाली माहीत नाही, आणि शेजारच्या एका परदेशी पाहुण्याला मी मिठी मारली होती, असं नंतर समजलं.

तीनपैकी दोन पंचांनी त्या मुलीला कौल दिला, एकाने गिरिजाला. हरली. पण जिंकलेली मुलगी रिंगमधून उतरून आमच्याकडे आली, बायकोपुढे वाकली. बायकोने डबा उघडला आणि तिच्या हातावर लाडू ठेवला. त्या मुलीने तो तिथेच खाल्ला.

तो त्या डब्यातला शेवटचा लाडू. घरी आल्यावर बायकोने डबा घासला, पुसला आणि माळ्यावर ठेवला. तिथे त्याला सोबत होती, गिरिजाच्या त्या छोट्या काट्याची. (त्याच्यावर मी एकदा गुपचूप उभा राहिलो. दुकानातल्या काट्याशी एका ग्रॅमचाही फरक नव्हता.)

गिरिजाने पुढे लाइट काँटॅक्ट सोडलं. ती फुल काँटॅक्टच खेळते, पदकं आणते, आणि प्रत्येक लग्नात वाकडं नाक दाखवून लाडवांची गोष्ट सांगते. पाहुणे हसतात. बायकोही हसते. पण सहा वर्षांत तिने एकही लाडू वळला नाही. मी तिला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. “अगं, ऐक ना,” असं म्हणालो की ती म्हणायची, “पोट दुखून राहिलं का? ओवा घ्या.” आणि मी ओवा घ्यायचो. सहा वर्षांत किलोभर तरी ओवा खाल्ला असेल.

परवा गिरिजाचा फोन आला. पुन्हा मोठी स्पर्धा आहे. “अव्वा, आता तरी लाडू कर. वरच्या गटात खेळायलेय मी आता. जागा हाय!”

स्टुलावर चढून बायकोने माळ्यावरचा डबा काढला. मी ठरवलं, आज नाही तर कधीच नाही. स्वयंपाकघरात गेलो, टोपी काढून हातात घेतली.

“अगं, त्या दिवशी हैदराबादला...”

“पहिलं आपल्या दुकानातून एक किलो शेंगदाने मोजून आना,” तिने पिशवी माझ्या हातात दिली. मी दारापर्यंत गेलो.

“आन् अहो.”

“काय?”

“कडता न धरता.”

मी वळलो. ती डबा पुसत होती. माझ्याकडे बघत नव्हती. हैदराबादच्या त्या हॉलमध्ये पदर सारखा करतानाही तिने असंच बघितलं नव्हतं. म्हणजे तिने ऐकलं होतं. म्हणजे सहा वर्षं ती ते वाकडं नाक माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेत होती, आणि मी ओवा खात होतो!

‘चुकलं गं माझं’ हे तीन शब्द पोटातून निघाले, घशात आले, दातांपर्यंत आले. मी तोंड उघडलं. आणि त्यातून निघालं,

“पिशवीसकट का पिशवी सोडून?”