साहेबांच्या जीवनावरचा दुसरा सिनेमा

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि टीव्हीच्या पोटात सोल्डरिंग करण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. भरे आणि घोटावडे या गावांच्या मधे पत्र्याची एक लांब शेड होती. तिथं आम्ही चाळीसेक जण ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडायचो. मालक पुण्याचे, इंजिनिअर. रेडिओ दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात करून इथवर आलेले. बोलताना चष्मा टायच्या टोकानं पुसायचे आणि दर दोन वाक्यांनी विचारायचे, "काय समजलं?" आम्ही त्यांना साहेब म्हणायचो.

कारखान्याला दहा वर्षं झाली तेव्हा साहेबांनी स्वतःच्या आयुष्यावर सिनेमा काढून घेतला. पुण्याहून माणसं आली, मोठाले दिवे आले. तरुणपणचे साहेब दाखवायला त्यांच्या उंचीचा सडपातळ माणूस हवा होता, म्हणून मला उभं केलं. चेहरा काही जुळेना, तेव्हा सगळं पाठीमागून घेतलं. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारी पाठ माझी. पहिला टीव्ही उचलून आईकडे नेणारी पाठही माझीच. साहेबांच्या घरी लहानपणापासून वीज होती हे त्यांच्या ड्रायव्हरनं आम्हाला नंतर सांगितलं. सिनेमा शेडमधे आमच्याच टीव्हींवर दाखवला. ओळीनं बारा टीव्ही, बारा साहेब. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि खोटं कशाला सांगू, मनापासून वाजवल्या.

पुढं मोठ्या कंपन्यांचे रंगीत टीव्ही घरोघर दिसायला लागले. आमचा माल शेडमधे साठत गेला आणि एका सोमवारी गेटला कुलूप दिसलं. ना नोटीस, ना निरोप.

मी घरी सांगितलं नाही. माझं घर कोळवणला, तिथून या कारखान्यात येणारा मी एकटाच. वडील नव्हते. आपला मुलगा टीव्ही बनवतो हे आईनं सगळ्या खोऱ्यात सांगितलं होतं, आणि त्यावरच माझं लग्न ठरत आलं होतं. आई पहाटे उठून डबा भरायची; पगार थकलाय एवढंच मी तिला सांगितलं होतं. मी सकाळच्या एसटीनं निघायचो आणि बंद गेटसमोरच्या करंजाखाली जाऊन बसायचो. आणखी आठ-दहा जण यायचे. पौडला कचेरीत अर्ज दिला, पुण्याला साहेबांच्या बंगल्यावर दोनदा जाऊन आलो. दार उघडलं नाही. एके दिवशी पौडला मी उलट्या बाजूची गाडी धरली आणि मुळशी धरणावर उतरलो. पाण्याकडे बघत किती वेळ बसलो ते आठवत नाही. भूक लागली तेव्हा डबा उघडला. कालवणात आईनं मुद्दाम जास्त खोबरं घातलं होतं. मी रडलो आणि परतीची गाडी पकडली.

करंजाखाली येणाऱ्यांत घोटावड्याची एक मावशी होती. आमच्यात सगळ्यात जुनी, दोन मुलींना एकटीनं वाढवणारी. एका दुपारी कुणीच बोलेना, तेव्हा मी उठलो, शर्टाच्या टोकानं नसलेला चष्मा पुसला आणि म्हणालो, "आपण टीव्ही बनवत नाही, आपण देशाचे डोळे बनवतो. काय समजलं?" मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा माझा एक मित्र तिथं बसला होता. तो म्हणाला, "ह्याचाच शिनेमा काढू. क्यासेट पेपरवाल्यांना दिऊ. मग बघू साहेब कुटं लपतोय."

बुडत्या माणसासारखे आम्ही त्या कल्पनेला धरून बसलो. मित्रानं कॅमेरा आणला, मी कुणाच्या तरी लग्नातला टाय आणला. साहेबांच्या जन्माचा प्रसंग घेतला. मावशी घोंगडी पांघरून झोपली आणि सुईण झालेला गडी ओरडला, "पोरगा झालाय, हातात पेचकस हाय!" मग मी भर उन्हात विजेच्या खांबाखाली अभ्यास केला. टीव्हीच्या रिकाम्या खोक्याआड चौघांना बसवलं. त्यांचे हात आत सोल्डरिंग करत होते आणि मी बाहेर उभा राहून हार घालून घेत होतो. या वेळी मी कॅमेऱ्याकडे तोंड करून होतो.

शेवटचा प्रसंग गेटसमोरचा. मी पिंपावर चढून भाषण करत होतो, तेवढ्यात एक स्कूटर थांबली. साहेब होते. गाडी नव्हती, टाय नव्हता, दाढी वाढलेली. मी थांबलो. मित्रानं कॅमेरा बंद केला नाही.

"थांबलास का?" साहेब म्हणाले. "म्हण पुढचं."

"साहेब, ते आपलं..."

"म्हण."

मी म्हणालो. "हा कारखाना मी या माझ्या दोन हातांनी उभा केला. काय समजलं?" कुणी हसलं नाही. साहेब रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

मावशी पुढं झाली. "कंपनी कवा उघडायची ते सांगा."

"नाही उघडणार. मशिनं विकली. उद्या ट्रक येतील."

"मग तीन म्हैनं आमी हितं का बसलोय?"

"सांगायला तोंड नव्हतं."

"आमाला घरी सांगायला तोंड हाय व्हय?" मावशी म्हणाली.  मला त्या क्षणी पिंपावरून उडी टाकून साहेबांना मारावंसं वाटत होतं, आणि गळ्यात तो टाय तसाच होता.

दुसऱ्या दिवशी ट्रक आले. आम्ही रस्त्यावर आडवे बसलो. पोलिसांची जीप आली, एकेकाला धरून उठवलं. मावशी सगळ्यांत शेवटी उठली. आमची टेबलं, आमच्या सोल्डरिंगच्या कांड्या ताडपत्रीखाली गेल्या.

पेपरवाल्यानं कॅसेट बघितली आणि परत दिली. "हे विनोदी आहे की गंभीर, तेच कळत नाही," म्हणाला. मग मित्रानं ती घोटावड्याच्या समाजमंदिरात रविवारी दुपारी लावली, खिडक्यांना चादरी बांधून. गर्दी झाली. पेचकसावर लोक लोळून हसले. खांबाखालच्या अभ्यासावर हसले. साहेबांची स्कूटर आली तशी खोली गप्प झाली. "नाही उघडणार" हे शब्द आले आणि मागून कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली. आई होती. पोरगा सिनेमात आहे असं कुणीतरी तिला सांगितलं होतं, म्हणून ती कोळवणहून एसटीनं कौतुकानं आली होती.

"खरं हाय का रं ह्ये?"

मी होकाराची मान हलवली.

"मंग मी तीन म्हैनं कुनाला डबा दित हुते?" ती एवढंच बोलली आणि पदर सावरून बाहेर पडली. मी मागं धावलो. स्टँडवर ती माझ्याशी बोलली नाही, गाडीतही नाही. ठरत आलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं. मुलीचा मामा सिनेमा बघायला आला होता.

पुढं कोळवणला पुण्याच्या एका डॉक्टरनं जमीन घेऊन बंगला बांधला. तिथं मी राखणदार म्हणून राहिलो, झाडांना पाणी घालू लागलो. साहेबांची परत गाठ पडली नाही. मित्रानं त्या कॅसेटवर कुणाचं तरी लग्न उतरवलं. 

दोन वर्षांनी पौडच्या बाजारात मावशी भेटली. ती भातलावणीच्या कामाला जात होती, बोटं चिखलानं फुटली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "आजून साहेबांची नक्कल करतूस का?"

"न्हाई."

"नगं करू," ती म्हणाली. "लई हुबेहूब यायची."