साताऱ्याहून आलेलं पत्र

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारणबिरण काही नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही चौघं पुण्याला जाऊन फोरट्रान शिकून आलो. कॉम्प्युटरची भाषा. भाषा आली, कॉम्प्युटर मात्र पुण्यातच राहिला. आम्ही इकडं कागदावर प्रोग्रॅम लिहायचो, टपालानं धाडायचो आणि उत्तराची पंधरा-पंधरा दिवस वाट बघायचो. अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून आम्ही एक खाकी लिफाफा फिरवायला लागलो. साताऱ्याहून सांगलीला माझ्याकडं, मग माधवनगर, मग इस्लामपूर, परत सातारा. लिफाफा आला की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं पत्र काढून नवं घालायचं. काढलेली पत्रं माझ्याकडं यायची आणि मी ती जाड वहीत खळीनं चिकटवायचो. इस्लामपूरच्या साखर कारखान्यातला बापू मला दप्तरदार म्हणायचा. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? पोस्टमनची सायकल दिसली की मी कॉलेजातला वर्ग अर्धा टाकून फाटकाशी यायचो. तसं वाट बघणं पुन्हा आयुष्यात आलं नाही.

साताऱ्याच्या सुमनताई एका कचेरीत कारकून होत्या. मॅट्रिक. आम्ही बाकीचे पदवीवाले. महाबळेश्वर आणि सातारा, दोन्हीकडच्या पावसाचे महिनावार आकडे त्यांनी उतरवून दिले आणि प्रोग्रॅम मी लिहिला. उत्तर आलं, तर साताऱ्याच्या जानेवारीत धो धो पाऊस. बापूनं लिहिलं, ‘साताऱ्यात जानेवारीत होड्या चालल्या व्हय रं, गड्या?’ सगळे हसले. आणि मी — स्वतःचा प्रोग्रॅम एकदाही न तपासता — लिहून टाकलं, की आकडे उतरवताना सुमनताईंनी घोटाळा केला.

पुढच्या फेरीत त्यांचं पत्र आलं. दोन पानं, रागाचा शब्द नाही. आकडे दोनदा ताडून पाहिले, बरोबर आहेत. जानेवारीतला तो आकडा म्हणजे महाबळेश्वरच्या बारा महिन्यांची बेरीज. ‘तुम्ही मशीनकडं बारा घरं मागितलीत आणि बेरीज तेराव्यात ठेवलीत. महाबळेश्वरच्या बारा घरांना लागूनच साताऱ्याची घरं, म्हणजे ते तेरावं घर आमच्या साताऱ्याच्या जानेवारीचं.’

मी ते उभ्यानंच वाचलं. कान तापले. प्राध्यापक मी, आणि चूक दाखवणार कोण — कारकून? साताऱ्यानंतर लिफाफा पहिल्यांदा माझ्याच हातात यायचा. दुसऱ्या कुणी ते पत्र पाहिलंच नव्हतं. मी ते काढून घेतलं. लिफाफा अडवून ठेवला, बाराचे तेरा केले, पुण्याहून बरोबर उत्तर मागवलं आणि मग सगळ्यांना लिहिलं — आकडे दुरुस्त केले, आता जमलं.

पण जुनं पत्र ज्याचं त्यानंच काढायचं, ही आमची रीत. लिफाफा साताऱ्याला पोचला, तर त्यात त्यांचं पत्र नाही. त्यांचं कार्ड आलं : ‘माझं पत्र लिफाफ्यात नव्हतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये आता तेरा घरं दिसली. बरं झालं.’

मी उलट टपाली कळवलं, पत्र टपालात गहाळ झालं असावं.

त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. आपलं नाव वगळा, एवढाच निरोप आला. बापू भेटला तेव्हा म्हणाला, ‘एका चुकीवरनं एवढं मनाला लावून घ्यायचं व्हय?’ मी मान डोलावली. डोलावली मी.

परवा एक तरुण आला होता. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांची पत्रव्यवहाराची दप्तरं गोळा करतो म्हणे. वहीच्या पानापानाचे फोटो काढले. ‘सर, तुम्ही एक कागद हरवू दिला नाहीत,’ म्हणाला. मग सुमनताईंच्या कार्डाशी थांबला. ते मी चिकटवलं होतं — का, कोण जाणे. त्यानं विचारलं, ‘यातलं ते पत्र कुठंय?’

ते पत्र त्याच्या पाठीमागच्या कपाटात होतं. अजूनही आहे.

मी म्हणालो, ‘टपालात गहाळ झालं.’